परस्पर चिखलदऱ्याला

"काचा चारही वर-खाली होते ना?" खुशालरावांनी मोटारीच्या दारावर हात टेकवत विचारलं.

डोमाजी ड्रायव्हरनं तंबाखूची गोळी गालात सरकवली. "हवा खायाची तं उघडा, धूळ नको तं लावा. अमरावतीत अशी दुसरी गाडी नाही भेटाची तुमाले. सवारी कोणती?"

"माहा लहाना भाऊ येऊन राह्यला विलायतेहून. संग बायको हाय. मुंबईहून इमानानं नागपूरले उतरते. तथून परस्पर चिखलदऱ्याले न्यायाचं."

विमानाचं नाव निघताच निंबाच्या सावलीत पत्ते खेळणाऱ्या दोन ड्रायव्हरांनी माना वर केल्या. खुशालरावांना ते जाणवलं आणि बरंही वाटलं. मे महिन्याच्या उन्हात अकोटहून एसटीनं धक्के खात आल्याचा शीण जरा उतरला.

"तुमी काय करता?"

"अकोटले जिनात फिटर हाय."

डोमाजीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. धुतलेलं धोतर, बिनइस्त्रीचा कोट, आणि हंगाम संपला तरी कानामागं चिकटून राहिलेली कापसाची बारीक लव. "मंग परस्पर काऊन? भाऊ घरी नाही येत?"

"येते ना. सूनबाईले ऊन सोसत नाही. पह्यले वर थंड होईल, मंग खाली येईल." खुशालराव जरा थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पण एक करजो, डोमाजी. परतवाड्याहून अंजनगाववरून अकोटचा एक फेरा मनात धरून ठेवजो. मी तथी सांगीन त्याले. तो मले नाही म्हणत नाही."

"धरला," डोमाजी म्हणाला. भाडं ठरलं, विसार दिला, आणि खुशालराव पुन्हा एकदा गाडीभोवती फिरून आले. टायर पाहिले. मागची गादी दाबून पाहिली. यंत्राजवळ आयुष्य गेलेला माणूस यंत्र विकत घेताना पाहतो, तसं.

उद्धवनं पत्रात एवढंच मागितलं होतं. एक चांगली खासगी मोटार ठरवून ठेव, धूळ लागू नये अशी. बाप वारला तेव्हा उद्धव दुसरीत होता. खुशालराव तेव्हाच शाळा सोडून जिनात लागले. भावाला अकोटला शिकवलं, अमरावतीला कॉलेजात ठेवलं, आणि विलायतेला जायची वेळ आली तेव्हा आपल्या वाटणीचं वावर विकून मोकळे झाले. पुढं पत्रं आखूड होत गेली. तिकडंच शिकायला आलेल्या पुण्याच्या डॉक्टरांच्या मुलीशी त्यानं लग्न केलं, त्याचा एक फोटो आला. तरी खुशालरावांच्या मनात अढी बसली नाही. उलट इतक्या वर्षांनी भावानं काहीतरी काम सांगितलं, म्हणून त्यांना त्या पत्राचं अप्रूप वाटलं होतं.

घरी त्यांची आई मैनाबाई ओसरीवरच्या बाजेवर पडून होती. दिवाळीपासून पोटात गाठ होती. अमरावतीच्या डॉक्टरनं पोटाला हात लावून पाहिलं आणि खुशालरावांना बाहेर बोलावून सांगितलं, म्हातारीला घरी न्या, जे मागेल ते खाऊ घाला. आता ती काही मागत नव्हती. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माहा उद्धव येऊन राह्यला.

गाडी ठरल्याचं ऐकून ती कोपरावर उठून बसली. "भेटली काय चांगली?"

"नवीकोरी हाय माय."

"मंग आता माही एक गोठ ऐक. त्याले माह्या दुखण्याचं सांगजो नोको."

"असं कसं म्हणतं माय? तो काय परका हाय?"

"ते पोरगी पह्यल्यांदा सासरी येऊन राह्यली. उंबरठ्यात पाय टाकायच्या आंधी मरणाच्या गोठी ऐकवशीन काय तिले? चार दिवस हवा खाऊ दे त्यायले. मी काही चार दिवसांत मरत नाही." आणि तिनं खुशालरावांचा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माह्या गळ्याची आण हाय तुले."

तिच्या गळ्याची कातडी हाताला कागदासारखी लागली. खुशालरावांनी मान हलवली.

रात्रीच्या भाकरी टाकताना जमुना नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "आण म्हातारीनं घातली. पण तुमी काऊन घेतली?"

जमुनेनं त्या आठवड्यात बाहेरची खोली चुन्यानं पोतारली, शेजारून लोखंडी पलंग मागून आणला आणि त्यावर नवी चादर घातली. दीर चिखलदऱ्याला जाणार हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं पलंग आणला.

नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर सकाळचं ऊनच इतकं होतं की दूरची जमीन पाण्यासारखी हलत होती. विमान उतरलं. शिडी लागली. खुशालराव कठड्याला धरून उभे होते. त्यांनी उद्धवला लगेच ओळखलं. पण त्याच्यामागं एक नाही, तीन माणसं उतरली. त्याची बायको अनुपमा, तिची आई आणि तिचे वडील.

उद्धव जवळ आला, सगळ्यांदेखत वाकून पाया पडला आणि मग त्यानं भावाला मिठी मारली. त्याच्या अंगाला साबणाचा अनोळखी वास येत होता. "दादा, किती वाळलास रे!" तो म्हणाला. बोली पार बदलली होती, हाक मात्र तीच होती.

"हे अनुपमाचे आईबाबा. त्यांनाही म्हटलं, चला चार दिवस. बंगला बाबांच्या ओळखीनंच मिळालाय." सासऱ्यांनी नमस्कार केला. सासूबाई कपाळावर ओला रुमाल धरून बाकावर बसल्या होत्या. अनुपमा पदर सावरून पाया पडायला वाकली तेव्हा खुशालराव गडबडून मागं सरले.

हमाल सामान मोटारीकडं नेऊ लागला. उद्धव पेट्यांवर नजर ठेवून चालता चालता म्हणाला, "आई कशी आहे?"

"हाय. तुही वाट पाह्यते."

"येतोच ना चार दिवसांनी. चांगला आठ दिवस राहणार आहे, सांग तिला."

खुशालरावांनी त्याची बाही धरली. "उद्धव, आजच गेलो असतो घरी तं? रस्त्यातच हाय. थोडासाच फेरा पडते. ड्रायव्हरले मी सांगून ठेवलं."

उद्धव थांबला. त्यानं मागं वळून सासूबाईंकडं पाहिलं. "दादा, त्यांना विमानात सारख्या उलट्या होत होत्या. या उन्हात आणखी अकोटला नेऊ कसा?" आणि मग भावाच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसल्यामुळं असेल, त्यानं सरळ विचारलं, "का रे? आई बरी आहे ना? काही विशेष नाही ना?"

हा प्रश्न यावा म्हणून खुशालराव आठवडाभर देवाला विनवत होते. त्यानं आपण होऊन विचारावं, आणि मग आपण काही न बोलता फक्त खाली पाहावं. तेवढ्यानं आण मोडली नसती आणि काम झालं असतं. पण अनुपमा चार पावलांवर उभी होती, त्यांच्याकडंच पाहत होती. नवी मुलगी. पहिल्यांदा येत होती.

"नाही," खुशालराव म्हणाले. "विशेष काही नाही. म्हातारपण हाय."

"मग झालं तर!" उद्धव हसला आणि मोटारीकडं वळला.

सामान इतकं होतं की मागची डिकी भरून दोन पेट्या टपावर बांधल्या, तरी एक बॅग पुढं उरली. मागं तिघं बसली. पुढं सासरे बसले आणि पायाशी बॅग आली. डोमाजी दार धरून उभा होता. "दादाले मंधात घेतो. मले चालते."

सासरे खाली वाकून म्हणाले, "अहो, घाटाचा रस्ता आहे. तुम्हाला हात हलवायला जागा नको का?" बोलण्यात उर्मटपणा नव्हता. ते खरंच काळजीनं म्हणाले होते.

उद्धव खाली उतरला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "दादा, तू असं कर ना... एसटीनं जा. तसंही तुला अकोटलाच जायचंय." त्यानं खिशात हात घातला.

खुशालरावांनी तो हात तिथल्या तिथंच धरला. "माह्याजवळ हायेत पैसे."

"दादा, पण तुम्ही कसे येणार?" अनुपमानं काचेतून विचारलं.

"मी येतो मागून. तुमी काचा लावून घ्या, बाई. रस्त्यानं धूळ लय हाय." त्यांनी स्वतः दार लोटलं, नीट लागलं की नाही ते ओढून पाहिलं. डोमाजीनं गाडी सुरू केली, पण क्षणभर तो खुशालरावांकडं पाहत राहिला. त्यांनी नजर दुसरीकडं वळवली. मग गाडी गेली. आपणच निवडलेली, आपणच ठरवलेली गाडी किती आवाज न करता जाते, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं.

नागपूरहून निघालेली एसटी वाटेत रखडली, आणि अमरावतीला पोचेस्तोवर अकोटची शेवटची एसटी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी आले तेव्हा मैनाबाई दाराकडं तोंड करून पडली होती.

"आला?"

"आला माय."

"दिसते कसा?"

खुशालराव बाजेशेजारी बसले आणि सांगू लागले. "गोरा झाला. अंगानं भरला. हासला का अजून तसाच डोळे बारीक करते."

"पाया पडला तुह्या?"

"सगळ्यायसमोर पडला. सूनबाईबी पडली. लय गुणाची हाय."

"माह्याबद्दल इचारलं?"

"इचारलं ना. दोनदा इचारलं."

"मंग तू काय सांगतलं?"

"तू म्हणली होती तेच. चांगली हाय म्हणून."

बाहेर कोणाच्या तरी घरी मिरच्या कुटत होते, त्याचा ठसका इथवर येत होता. मग मैनाबाई हळूच म्हणाली, "सांगतलं असतं तरी मी काही बोलली नसती." आणि तिनं कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

खुशालराव उठले ते तसेच, पायात वहाण न घालता, तार ऑफिसात गेले. आई अत्यवस्थ, ताबडतोब ये. तार गेली. पण चिखलदऱ्याला तारवाला बंगल्यावर पोचला तेव्हा मंडळी जेवणाचे डबे घेऊन जवळच्या गाविलगड किल्ल्यावर गेलेली होती. ती संध्याकाळी उशिरा परतली. त्या वेळी घाट उतरायला गाडी मिळाली नाही, आणि डोमाजी तर केव्हाच अमरावतीला परतला होता.

मैनाबाई दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. जमुना तिच्या ओठांना पाणी लावत होती. तिला कळलं तेव्हा पाणी गालावरून खाली ओघळत होतं.

खुशालरावांनी दिवस कलेपर्यंत थांबवून धरलं. दर थोड्या वेळानं ते सडकेपर्यंत जाऊन येत. शेवटी चुलते रामराव म्हणाले, "खुशाल, या उन्हात मढं किती ठेवतं? लोकं तिष्ठून राह्यले." मग मात्र त्यांनी मडकं हातात धरलं. आणि ती सगळी धावाधाव फुकटच होती, कारण उद्धव अर्ध्या वाटेवर बंद पडलेल्या जीपमध्ये परतवाड्यालाच अडकलेला होता.

तो आला दुसऱ्या दिवशी सकाळी. बरोबर एकटी अनुपमा होती, साध्या पांढऱ्या लुगड्यात. ओसरीवर दहा-बारा माणसं बसलेली. उद्धव अंगणातच उभा राहिला. बुटांवर धूळ, दाढी वाढलेली. त्यानं ओसरीवरच्या आईच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला. "दादा, तू सांगायचं नाहीस का रे..."

कोणी त्याला बस म्हटलं नाही. रामराव खाकरले. "लवकर आला बापा. चिखलदऱ्याची हवा मानवली वाट्टे?"

कोणीतरी तोंडावर उपरणं धरलं. कोणीतरी पुटपुटलं, "जन्माची माय टाकून सासऱ्याची सोबत!" उद्धवनं मान खाली घातली.

"काका, त्याले बोलू नोका." खुशालराव भिंतीचा आधार घेऊन उठले. मुंडण केलेलं डोकं, सुजलेले डोळे. "तो इमानातून उतरल्या उतरल्या घरीच येतो म्हणत होता. मीच म्हणलं, पह्यले वर जा. मायची तब्येत चांगली हाय म्हणलं."

"तू म्हणला?"

"मी म्हणलो."

उद्धवनं झटकन वर पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. अनुपमा त्याच्याकडं पाहत होती. विमानतळावर ती चार पावलांवर उभी होती, तिनं सगळं ऐकलेलं होतं. उद्धवची नजर तिच्यापर्यंत गेली, ओसरीवरच्या माणसांवरून फिरली, आणि त्यानं पुन्हा मान खाली घातली.

"मंग तूच घात केला म्हण मायचा," रामराव म्हणाले.

"हो," खुशालराव म्हणाले.

जमुना आतून पाण्याची बादली घेऊन आली होती. ती दारातच थबकली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, दिराकडं पाहिलं, बादली उंबऱ्याशी ठेवली आणि मागं फिरली. थोड्या वेळानं अनुपमा चपला काढून, कोणाला न विचारता तिच्यामागं आत गेली.

खुशालरावांनी बादली उचलली. "ये," ते भावाला म्हणाले. "पाय धुऊन घे. शेजारून भाकर आली हाय, दोन घास खाय."

उद्धव बूट काढून दगडावर बसला. खुशालराव वाकून तांब्यानं त्याच्या पायांवर पाणी घालू लागले. धुळीनं लाल झालेलं पाणी अंगणाच्या उतारावरून वाहत गेलं आणि भिंतीशी जाऊन थांबलं. तिथं म्हातारीची बाज धुऊन उभी करून ठेवली होती, आणि तिच्या सुंभातून अजून थेंब गळत होते.