पुन्हा पुन्हा येणारं गळू

तिचं काम हात वर करून करायचं. दिवसभर दुसऱ्यांचे केस कापायचे, रंगवायचे, वाळवायचे. त्यामुळे काखेत गळू आलं की तिच्या जिवाची नुसती तगमग व्हायची. आणि गळू येतच राही. एक फुटून बसतंय तोवर शेजारी दुसरं डोकं वर काढी. आई त्याला काखमांजरी म्हणायची आणि अंगातली उष्णता कमी कर, असं सांगायची. गल्लीतले डॉक्टर चीर देऊन पू काढायचे, थोड्या गोळ्या द्यायचे आणि स्वच्छता ठेवायला बजावायचे. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. घरी येऊन अंग घासघासून धुवायची. साबणाच्या कारखान्याने आपला सत्कारच करायला हवा, असं ती कधीतरी गमतीनं म्हणे. पण फिक्या रंगाचे कपडे तिने कधीच सोडले होते, आणि लग्नाचा विषय निघाला की उठून जायची.

एका दुपारी गिऱ्हाइकाचे केस वाळवताना काखेतलं गळू फुटलं आणि कपड्यावर डाग पसरला. खुर्चीतल्या बाईंनी आरशात तो पाहिला आणि अंग आक्रसून घेतलं. पार्लरच्या मालकीणबाईंनी तिला आत नेलं, स्वतःची ओढणी दिली, आणि मोठ्या दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कामावर यायचं नाही, असं निक्षून सांगितलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुरीला हातच लावला नाही. दोन्ही काखा उजेडात पाहिल्या. कातडीखाली दोरीसारखे लागणारे जुने वण बोटांनी चाचपले, जोडीजोडीने असलेले काळे ठिपके न्याहाळले. मग विचारलं, जांघेत होतं का? छातीखाली? तिने आजवर ते कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने फक्त मान डोलावली.

"हे अस्वच्छतेमुळे झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साधं गळूही नाही. केसांच्या मुळांशी होणारा दाहाचा जुनाट आजार आहे. तुमच्यामुळे तो कुणालाही लागणार नाही."

तिने त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? कधीकधी तो घराण्यात असतो. ती पटकन नाही म्हणाली. कपडे सारखे करताना मात्र तिचे हात थांबले. तिला बाबा आठवले. बस चालवायचे. निवृत्तीला बराच अवकाश असताना त्यांनी नोकरी सोडली, कारण काय ते घरात कुणालाच कळलं नाही. आई त्यांना कामचुकार म्हणू लागली. बाबा ओट्यापाशी उभ्यानेच जेवायचे, आपले कपडे आपणच धुवायचे. मुलांना त्यांनी कधी मांडीवर घेतलं नव्हतं.

संध्याकाळी ती बाबांसमोर जाऊन बसली. दवाखान्यात काय झालं ते सांगितलं, बाही वर करून वण दाखवले आणि विचारलं, "बाबा, तुम्हालाही आहे ना?"

बाबा त्या वणांकडे बघत राहिले. मग म्हणाले,

"मला वाटायचं, माझ्याच अंगात घाण आहे. बसवेना म्हणून नोकरी सोडली. पोरांना लागू नये म्हणून लांब राहिलो."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? नावच ठाऊक नव्हतं."

आई आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही.

मुलीचा आजार औषधाने आटोक्यात आला. पुरता बरा होणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मधूनच एखादी गाठ ठणकते. त्या दिवशी ती केस धुवायचं, रंग कालवायचं काम घेते, आणि विचारलं तर कारण सांगून टाकते. बाबांच्या बाबतीत फार उशीर झाला होता. कातडीखाली पार बोगदे झालेले, शस्त्रक्रिया करावी लागली. सिगारेटने हा आजार बळावतो, म्हणून त्यांची सिगारेटही सुटली, पण कुरकुर करत.

ते घरी आल्यावर नर्स येऊन जखम बांधायची. आई ते शेजारी उभी राहून शिकली. पहिल्यांदा एकटीने पट्टी सोडायला बसली तेव्हा बाबांनी चादर ओढून घेतली. बघण्यासारखं नाही, म्हणाले.

"बघू द्या," आई म्हणाली, आणि तिने चादर हळूच बाजूला केली.