सांभाळता येईल एवढी गाडी

मोनालीला ट्रकची भीती वाटायची, आणि तिचं काम ट्रकचं वजन करण्याचंच होतं. वणीच्या बाहेर खाणींच्या रस्त्यावर एक खाजगी वजनकाटा होता. कोळशाने भरलेला ट्रक काट्यावर चढला की ती काचेच्या केबिनमधून आकडा बघायची, पावती काढायची आणि ड्रायव्हरला हात करायची. काट्यावर उभा असलेला ट्रक तिला काही वाटायचा नाही. भीती होती ती चालत्या ट्रकची.

मागच्या पावसाळ्यात, रस्त्यावर सांडलेल्या कोळशाचा काळा चिखल झालेला असताना, तिच्या नवऱ्याची, सुनीलची, मोटारसायकल घसरली होती. मोनाली मागे बसली होती. दोघंही पडले. मागून येणाऱ्या ट्रकने ब्रेक मारला, तो वेळेवर लागला, पण पूर्ण वेळेवर नाही. चाकाखाली आलेला सुनीलचा डावा पाय वाचला. मात्र त्याच्यावर भार देता येईना, कुबडी आली. मोनालीचं डावं मनगट मोडलं. त्यात स्टीलची पट्टी बसवली. तेव्हापासून मूठ आवळली की मनगटातून कळ यायची.

काट्यावर नेणारी जीप बंद झाली तेव्हा प्रश्न उभा राहिला. ऑटो चौकाच्या पुढे जात नव्हते. सुनील ट्रकच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. आता तो बसून करता येईल तेवढंच काम करायचा, पण गाड्यांमधलं त्याला कळत होतं.

"पेट्रोलची मोटारसायकल तुले जमणार नाई," तो म्हणाला. "क्लच डाव्या हातानं दाबा लागते. स्कुटी घेतली तं तिचं चाक बारीक, त्या रोडवरच्या खड्ड्यात गेलं की तू खाली. बॅटरीवरची मोटारसायकल पाह्य. क्लच नाई, गिअर नाई, अन् चाकं मोठी."

"मी चालवणार नाई."

"मंग काटा सोडणार काय?"

काटा सोडायचा नव्हता. म्हणून एका रविवारी ती दोघं वरोरा रस्त्यावरच्या दुकानात गेली.

दुकानात उर्वशी नावाची मुलगी गाड्या दाखवत होती. सुनीलची नजर आत शिरल्याबरोबर काळ्या गाडीवर गेली. उंच, रुंद अंगाची, एका चार्जमध्ये सगळ्यात लांब जाणारी. तो कुबडी टेकत तिच्याभोवती फिरला. किती दिवसांनी त्याचा चेहरा असा उजळलेला मोनाली बघत होती. त्यामुळेच तिला नाही म्हणता आलं नाही. उर्वशीने ती गाडी मागच्या अंगणात काढून दिली आणि दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून पुढे गेली.

मोनाली बसली. तिचे पंजे जेमतेम जमिनीला टेकत होते. सुनील बाजूला उभा राहिला, एक हात हँडलवर, एक कुबडीवर. त्याने पायानेच स्टँड वर केला.

"चाबी फिरव. आता थे बटन दाब."

तिने बटण दाबलं. समोर काहीतरी हिरवं लागलं, पण आवाज झाला नाही. गाडी चालू झाली की ती धडधडते, अंगाखाली थरथरते, एवढंच तिला माहीत होतं. इथे सगळं जसंच्या तसं होतं.

"चालूच नाई झाली," ती म्हणाली आणि बघावं म्हणून उजवी मूठ पिळली.

गाडीने झेप घेतली. आवाज आला तो सुनीलच्या कुबडीचा, फरशीवर आपटल्याचा. मोनालीची मूठ सुटण्याऐवजी आणखी घट्ट झाली. समोरची भिंत मोठी होत आली, मग खोक्यांची रास, आणि खोकी कोसळत गाडी तिच्यात रुतून थांबली. मागचं चाक तरीही फिरायला बघत होतं. धावत आलेल्या उर्वशीने हात घालून चावी बंद केली.

सुनील फरशीवर बसला होता.

"काई नाई झालं, काई नाई झालं," तो हसत म्हणत होता. पण ओठ पांढरे पडले होते.

मोनालीला त्याच्याकडे जाता आलं नाही. ती दुकानाबाहेर गेली आणि भिंतीला धरून उभी राहिली. थोडं इकडे, अगदी हातभर इकडे असतं तर चाक त्याच्या पायावरून गेलं असतं. त्याच पायावरून.

तो आला. दोघं शेजारच्या टपरीवर बसले. चहा आला, तरी तिने कप उचलला नाही.

"मले नाई पायजे," ती म्हणाली. "कोणतीच नाई."

सुनीलने आपला कप खाली ठेवला.

"तू माया मागं बसत होती, तवा तुले भेव वाटे काय?"

"वाटे."

"मंग बोलली काहून नाई कधी?"

"तुमी चालवत होते ना."

त्याने मान हलवली. ट्रक गेले, दोन, तीन. मग तो म्हणाला, "मले आता भेव वाटलं. अंगणात. चाक आलं तं मले थोच दिवस दिसला." त्याने कुबडी ओढून घेतली. "अजून एक पाहू. मी मागं बसतो. भेव वाटलं तं मी बोलन. तूई बोल."

उर्वशीने या वेळी आधी माफी मागितली. गाडी चालू आहे की नाही हे कानाने कळणार नाही, डोळ्यानेच बघायचं, हे मीच आधी सांगायला हवं होतं, म्हणाली. तिने निळी गाडी काढली. काळ्या गाडीपेक्षा बुटकी, अंगाने सडपातळ. स्टँड लावलेला असला की मोटर फिरत नाही, हे तिने करून दाखवलं. सगळ्यात हळू चालणारा मोड लावून दिला. अंगणात मोनालीने कितीतरी चकरा मारल्या. प्रत्येक वळणावर तिचा श्वास अडकत होता. मग उर्वशी म्हणाली, "ताई, रस्त्यावर पाहून घ्या. चालवायचं तर तिथंच आहे."

सुनीलने आधीच काढायला लावलेलं शिकाऊ लायसन्स पर्समध्ये होतं. सुनील कुबडी उर्वशीकडे देऊन मागे चढला, डावा पाय बाहेर काढून बसला. त्याचं वजन आलं तशी गाडी हलली आणि मोनालीच्या पाठीतून घाम उतरला.

रस्त्यावर तिला सगळं ऐकू येत होतं. टायरखालची खडी, सुनीलचा श्वास, कापसाच्या शेतात कोणीतरी कोणाला मारलेली हाक. आपला मात्र आवाजच नाही. आपण आहोत हे कोणाला कळणार, या विचाराने तिचे खांदे कानापर्यंत चढले.

मग ते ऐकू आलं. आरशात काही नव्हतं, मागचा रस्ता वळणापर्यंत रिकामा होता. पण माल अडवणाऱ्या फाळक्याच्या साखळ्या खणखणत होत्या, आणि त्याखाली इंजिनाची घरघर.

"ट्रक हाय," ती म्हणाली.

"कुठं?"

"येऊन राह्यला. वळनाच्या मागं हाय."

सुनीलने वळून पाहिलं. "नाई दिसत," म्हणाला, आणि लगेच, "हो. आला. मोनाली, मले भेव वाटून राह्यलं."

"मलेई."

तिने गाडी डावीकडे घेतली. डांबर संपलं, मुरूम लागला, पुढचं चाक वळवळलं. तिने ब्रेक दाबला, तशी गाडी थांबली आणि डाव्या बाजूला उतारावर कलू लागली. सुनीलचा डावा पाय कामाचा नव्हता. दोन माणसांचं आणि एका गाडीचं वजन तिच्या एका पायावर आलं. मनगटातून कळ थेट दातांपर्यंत गेली. तिने डोळे मिटले नाहीत. पाय मुरुमात घसरला, घसरला, आणि अडकला.

ट्रक बाजूने गेला. हवेचा धक्का बसला, तोंडावर काळी धूळ आली. मग साखळ्यांचा आवाज लहान होत गेला.

गाडी उभी होती.

सुनीलचे दोन्ही हात तिच्या खांद्यावर होते.

"माया गाडीच्या आवाजात ट्रक कधी असा आधी ऐकू आला नाई," तो म्हणाला.

दुकानात परतल्यावर त्याने काळ्या गाडीकडे एकदा पाहिलं. "थे लांब जाते पण," तो हळूच म्हणाला.

"मले लांब नाई जायाचं. काट्यावर जायाचं हाय. थे कलली असती तं मायाच्यानं धरली गेली नसती. आपण दोघंई ट्रकखाली असतो." तिने निळ्या गाडीच्या सीटवर हात ठेवला. "हे धरली मी."

सुनील उर्वशीला म्हणाला, "हेच द्या."

मोनाली एकटी पहिल्यांदा कामावर गेली ते पक्कं लायसन्स मिळाल्यावर. सुनील दारात उभा होता. त्याने हात केला, पण तिला मूठ सोडून हात करता आला नाही. खाणींच्या रस्त्याला लागल्यावर प्रत्येक ट्रकसाठी ती डांबरावरून खाली उतरली. साखळी खणकली की कडेला, पाय टेकून उभी, तो जाईपर्यंत. एका ड्रायव्हरने हॉर्न मारून शिवी दिली. एका खड्ड्यात गाडी आपटली आणि तिच्या तोंडून आईचं नाव निघालं. मध्ये एकदा तिला वाटलं, गाडी इथेच लावून पायी जावं. पण ट्रक तर पायी चालणाऱ्यालाही उडवतोच.

काट्यावर पोचली तेव्हा केबिनमध्ये तिच्यासोबत काम करणारी बेबीताई बाहेर आली. मोनाली अजून गाडीवरच होती. तिने स्टँड लावला, पण बोटं मुठीवरून सुटेनात. बेबीताईनेच ती सोडवली. बोटं थंडगार होती.

"घेतली काय वं? कशी हाय?"

"लय भेव वाटते, ताई."

"मंग?"

काट्यावर पहिला ट्रक चढत होता. मोनालीने ओढणीने तोंडावरची काळी धूळ पुसली.

"मंग काय," ती म्हणाली, "संध्याकाळी वापस जायाचं हाय."

आणि ती पावती काढायला आत गेली.