थंड वाफ

तोंडावर मास्क चढला की यशोदाबाईंच्या हातात जपाची माळ येई. सकाळी तृप्ती वाफेचं मशीन लावायची तेव्हा माळ पुरी व्हायच्या आत मास्कमधलं धुकं संपायचं आणि औषधाचा कप फुरफुरू लागायचा. कुपी ठरलेल्या मापाची, मशीन तेच. रोज तसंच व्हायला हवं, आणि व्हायचंही.

तृप्ती सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर. घरोघरी रुग्णसेवा देणाऱ्या एका संस्थेत ती हे काम शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. नाशिक रोडहून स्कूटीवर पंचवटीत यायची. यशोदाबाईंचं निम्मं आयुष्य चुलीपुढे गेलं होतं आणि निम्मं नवऱ्याबरोबर फूलबाजारात. आता छाती सारखी कफाने भरायची. सकाळचं मशीन तृप्तीकडे, संध्याकाळचं त्यांच्या नवऱ्याकडे, देवरामबाबांकडे. आधी हात धुवा, आजींना ताठ बसवा, नंतर चूळ भरायला लावा, कप धुऊन कोरडा करा, हे सगळं तिने बाबांना शिकवलं होतं आणि बाबा ते मन लावून करायचे. तरी यशोदाबाईंना दोनदा ताप आला, कफ पिवळा झाला. आता पुन्हा असं झालं तर ॲडमिट करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून दवाखान्याचं नाव निघालं की यशोदाबाई ताट बाजूला सारत.

एके दिवशी तृप्तीला सकाळी दुसऱ्या पेशंटकडे थांबावं लागलं, म्हणून ती संध्याकाळी आली. बाबांनी नुकतंच मशीन सुरू केलं होतं. ती स्टूल ओढून बसली. माळ पुरी झाली. यशोदाबाईंनी मेरुमण्यापाशी ती उलटी फिरवून पुन्हा सुरुवात केली, तरी धुकं येतच होतं.

"बाबा, आज दोन कुप्या ओतल्या का?"

"नाय ओ ताई. तुम्ही सांगितली तेवढीच, एक."

"मग एवढा वेळ?"

"संध्याकाळी एवढाच लागतो की."

तेच औषध संध्याकाळी का रेंगाळावं? तृप्तीने मशीन बंद करून कप उघडला. औषधात तुळशीचा एवढासा तुकडा तरंगत होता.

"ही तुळस कुठून आली?"

बाबांनी देव्हाऱ्यातल्या तांब्याकडे बोट दाखवलं. काही लपवावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. "गंगेचं तीर्थ हाय. रोज पहाटे गंगेवर जातो ना मी, तेच आणतो. पळीभर टाकतो. नुसत्या औषधाला काय गुण येतोय?"

नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी, आणि पंचवटीत ती हाकेच्या अंतरावर.

तृप्तीच्या जिभेवर पुष्कळ काही आलं, ते तिने आवरलं. रागावलं तर बाबा हो म्हणतील आणि तिच्या माघारी दोन थेंब तरी टाकतील.

"बाबा, नदीच्या पाण्यात जंतू असतात."

"असतील ना. पण त्याची वाफ होते. उकळलेल्या पाण्यात जंतू राहत नाय, असं तुम्हीच म्हणता."

बाबांचं गणित बरोबर होतं, फक्त पहिलीच पायरी चुकली होती. आणि ती पायरी तिनेच बांधून दिली होती. पहिल्या दिवसापासून नेब्युलायझरला तीही 'वाफेचं मशीन'च म्हणत आली होती.

तिने कप रिकामा केला, साबणाने धुतला, कोरडा केला. मग नुसत्या सलाईनची बंद कुपी फोडून त्यात ओतली आणि मशीन लावलं.

"हात धरा पुढे."

चहाच्या किटलीवर धरावा तसा बाबांनी हात लांबूनच धरला. मग थोडा जवळ नेला. मग अगदी मास्कलाच टेकवला.

"गार हाय की."

"गारच असते. मशीन जोरात हवा सोडतं आणि पाण्याचे बारीक थेंब उडतात. उकळत काहीच नाही. कपात जे असेल ते जसंच्या तसं आजींच्या छातीत खोल जातं."

बाबांनी हात काढला नाही. तळवा ओला होत राहिला. "म्हणजे हिचा ताप माझ्या हातानं आला?"

नाही म्हणणं सोपं होतं. "ते नक्की सांगता येणार नाही," तृप्ती म्हणाली. "छातीच्या आजारात ताप तसाही येतो. पण यामुळेही आला असेल."

तृप्तीने मशीन बंद केलं. मग यशोदाबाईच म्हणाल्या, "तरी संध्याकाळी तुळशीचा वास कसा येतो, म्हणत होते मी. मला वाटलं कंपनीच टाकती."

"मग बोलली का नाय?" बाबा म्हणाले.

"तोंडाला मास्क. काढला की तुम्ही वरडता."

बाबांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "बाजारात कालच्या पाण्यात कधी फूल ठेवलं नाय मी," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "देठ सडतो." मग तृप्तीकडे वळून, "तीर्थ आता द्यायचंच नाय का?"

"कपात नको. आधी कपाळाला लावा, मग साबणाने हात धुवा आणि मग कुपी फोडा."

"तीर्थाचे हात साबणानं धुवू?"

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती विचार करत असतानाच यशोदाबाई म्हणाल्या, "औषध झाल्यावर लावा. तवर देव काय गाडी पकडून चाललाय?"

तृप्तीने डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. अर्धं औषध गेलं होतं, बाकीचं पुन्हा द्यायचं का, तेही विचारून घेतलं. आज नको, ते म्हणाले, आणि उद्या तपासायला बोलावलं.

पावसाळा सरला, ताप काही पुन्हा आला नाही. एका संध्याकाळी तृप्ती मुद्दामच गेली. बाबांनी कुपी फोडायच्या आधी कप उजेडाकडे धरून, फुलातली कीड बघावी तसा आतून न्याहाळला. यशोदाबाई माळ ओढू लागल्या. मेरुमणी यायला थोडे मणी उरले असताना कप फुरफुरला. चूळ भरून झाली, कप धुऊन स्वच्छ पंच्यावर पालथा पडला, आणि मग बाबांनी तांब्यात बोट बुडवून बायकोच्या कपाळाला लावलं.

"जरा जास्तच लावलं," यशोदाबाई म्हणाल्या. "नाकात येतंय."

बाबांनी घाईघाईने तिच्याच पदराने तिचं नाक पुसलं.