चौकटीत फक्त ताई

मामाने चाळीस वर्षं इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. त्या कामाने एक गोष्ट त्याच्या हाडात मुरली होती: जे नीट बसलंय त्याला उगाच पाना लावायचा नाही. निम्म्या लिफ्ट आपोआप बिघडत नाहीत, "जरा बघतो" म्हणणारा कोणीतरी त्या बिघडवतो, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

त्यामुळे भाचीने त्याच्या कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट काढायचा प्रोग्राम घालून दिला, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "यात मला काय काय हलवावं लागेल?"

"काही नाही, मामा. हे एक बटण दाबायचं. टिक वाजलं की पडद्यावरच्या गोष्टीचा फोटो निघाला. तारखेप्रमाणे आपोआप फोल्डरमध्ये जाऊन बसतो. कोणाला दाखवायचे झाले तर फोल्डरची लिंक पाठवायची."

करून दाखवायला तिने आपल्या आईचा फोटो उघडला. तिची आई म्हणजे मामाची थोरली बहीण, ताई. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातून ती निवृत्त झाली त्या दिवशीचा तो फोटो. तीस बायका, आणि ताई खाली उजव्या कोपऱ्यात, रागावल्यासारखी. भाचीने माऊसने तिच्या चेहऱ्याभोवती तुटक रेघांची चौकट आखली. टिक.

"एकदा आखली की ही चौकट लक्षात राहते. बदलायची असेल तर आधी इथे जाऊन कोपरा ओढायचा."

बदलायची असेल तर, हे मामाने ऐकलं आणि सोडून दिलं. बसलेली गोष्ट कशाला ओढायची?

भाची तिच्या शहरात नोकरीवर परत गेली. ताई आणि मामा एकाच घरात राहायचे. त्या दोघांची आई गेली तेव्हा मामा सहा वर्षांचा होता. त्याला ताईनेच वाढवलं, आणि अजून वाढवत होती असं तिचं मत होतं. तिचा डावा डोळा गेला होता. उजवा ऑपरेशनने वाचणार होता, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, चार महिन्यांच्या आत. नंतर हात लावण्यात अर्थ नाही.

तारीख हॉस्पिटलच्या वेबसाइटवरच मिळायची. कागद कोणी देत नसे. मामाने नाव नोंदवलं आणि दहा आठवड्यांनंतरची तारीख पडली. त्याने बटण दाबलं. टिक. मग रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो ते पान उघडायचा, तारीख मोठ्याने वाचायचा आणि बटण दाबायचा.

"अरे, कालचीच तारीख ना ती?" ताई विचारायची.

"कालचीच."

"मग रोज कशाला काढतोस फोटो? ती काय पळून जाणार आहे?"

"लिफ्ट चालू असली तरी तपासणीची नोंद रोज करतात, ताई."

"मी लिफ्ट नाही. आणि कप खाली ठेव आधी, सांडशील."

फोल्डरमध्ये फोटो नखाएवढे दिसायचे. मामा ते उघडत नसे, नुसते मोजायचा. काल एकेचाळीस, आज बेचाळीस. टिक वाजतंय, आकडा वाढतोय, म्हणजे यंत्र ठीक आहे.

बेचाळीस झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी पान उघडलं, तर तारखेच्या जागी लिहिलं होतं: नोंद नाही. खाली सूचना होती. जुनी यादी नव्या सिस्टीममध्ये आणताना काही तारखा आलेल्या नाहीत. ज्यांच्याकडे जुन्या तारखेचा पुरावा असेल त्यांनी शुक्रवारी दुपारपर्यंत खिडकीवर दाखवावा. त्यांची तारीख कायम राहील.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. मामा मात्र हसला. "एक नाही, बेचाळीस पुरावे आहेत आपल्याकडे!"

शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. रांगेतल्या दोघातिघांना त्याने आपल्या प्रोग्रामबद्दल सांगितलंही. एक बाई हळहळली, "आम्हाला नाही सुचलं हो असं काही." मामाला तिची कीव आली.

खिडकीमागची बाई वागायला बरी होती. मामाने पाठवलेली लिंक तिने उघडली, पहिला फोटो मोठा केला. मग दुसरा. मग भराभर पुढचे.

"काका, यात तारीख कुठे आहे?"

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. फोटोत एक हसरी डॉक्टरीण होती, आणि तिच्या खाली अर्धंच वाक्य: आपल्या आरोग्याची काळजी हीच. पुढचा फोटो, तीच डॉक्टरीण. त्याच्या पुढचा, तीच. पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातलं ते चित्र मामाने रोज पाहिलं होतं. ताईचं नाव, नंबर आणि तारीख वर डावीकडे असायची.

"पुढे बघा ना," मामा म्हणाला. "बेचाळीस आहेत."

तिने सगळे बघितले. घाई केली नाही, हे तिचे उपकारच. सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्यात आधी काढलेला, एक वेगळा फोटो आला. नीट चौकटीत बसलेला ताईचा चेहरा.

"या कोण?"

"पेशंट."

"चेहऱ्यावरून तारीख नाही देता येत हो, काका."

"मी रोज वाचायचो. पाठ आहे मला. सांगू?"

"तोंडी नाही चालत. आता नवीन नोंद करावी लागेल. अकरा महिने."

"डोळा चार महिने थांबतो. त्यातला दीड गेला."

"तातडीचा अर्ज करा. पण तिथेही आधीची तारीख मागतात." तिने पडदा परत आपल्याकडे फिरवला. मामाच्या मागे बरीच माणसं होती. अर्ज करून तो बाजूला झाला.

घरी ताई दाराशीच उभी होती. पावलं ओळखून म्हणाली, "कायम राहिली ना तारीख?"

मामाने सगळं सांगितलं. चौकटीचंही. त्याला वाटलं, ती त्याला फैलावर घेईल. लहानपणी बटण तुटलं तरी घ्यायची. तिने फक्त दार लावून घेतलं, आणि त्याला ते सोसेना.

"बोल ना काहीतरी, ताई."

"दाखव तो फोटो. माझा."

त्याने उघडला. तिने नाक टेकेल इतकं तोंड पडद्याजवळ नेलं, उजवा डोळा बारीक केला. "केस तरी विंचरायला हवे होते मी," ती म्हणाली, आणि भिंत चाचपत आत गेली.

मामाने हॉस्पिटलचं पान उघडलं. भाचीने सांगितलं होतं तिथे जाऊन चौकट शोधली. कोपरा धरला आणि ओढला, ओढत ओढत पार पानाच्या कडांपर्यंत नेला. एवढंच काम होतं ते. लिफ्टचं दार लावायला जास्त वेळ लागतो.

मग त्याने बटण दाबलं. टिक.

आतून ताईने विचारलं, "काय रे?"

"काही नाही."

या वेळी त्याने फोटो उघडून बघितला. पान पूर्ण आलं होतं, काही सुटलं नव्हतं. ताईचं नाव, नंबर, आणि त्यापुढे स्वच्छ अक्षरांत: नोंद नाही.