बँकेच्या दारात गुलाब ब्रास बँड

मेरठहून परत आलेला चेक हातात धरून कुंदाबाई बँकेच्या रांगेत उभी होती, तेव्हा तिला वाटत होतं, काहीतरी चूक झाली असेल, साहेब बघतील आणि दुरुस्त करतील. नवरा गुलाब गेल्यापासून ‘गुलाब ब्रास बँड’ तीच चालवत होती. लग्नाच्या सुपाऱ्या घेणं, पोरांना पगार देणं, गणवेशाची बटणं लावणं, सगळं तीच बघायची. नवऱ्याच्या मागे वाद्यं जुनी झाली होती, म्हणून दिवाळीनंतर तिने सगळी जमवाजमव करून खात्यात पैसे भरले आणि मेरठच्या दुकानदाराला नव्या ट्रम्पेटसाठी चेक पाठवला. तो न वटता परत आला. सोबत दुकानदाराची हिंदी चिठ्ठी होती. माल पाठवणार नाही, आणि आता नवा कायदा आलाय, खोटा चेक देणाऱ्याला तुरुंग होतो, ध्यानात असू द्या.

धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या त्या बँकेत पोफळे नावाचे मॅनेजर होते. केबिनमध्ये बसायचं सोडून ते बहुतेक वेळ काउंटरमागेच उभे असत, सगळ्यांना दिसतील असे.

“साहेब, पैसे होते खात्यात,” कुंदाबाई म्हणाली. “मी स्वतः भरले.”

पोफळेंनी खातं मागवलं, त्यावरून बोट फिरवलं. “होते. आता कमी आहेत. पावसाळ्यात तुम्ही ठेवायला पाहिजे तेवढी रक्कम ठेवली नाही. त्याचा दंड कापला. खातं सांभाळायचा आकार कापला. आणि चेक परत गेला, त्याचाही कापलाय.”

“पावसाळ्यात लग्नं नसतात, साहेब. पैसे कुठून राहणार? आणि दंड लागतो हे मला कोणी सांगितलं नाही.”

“प्रत्येकाच्या घरी जाऊन दवंडी पिटायची का आम्ही?” पोफळेंनी चष्मा काढला आणि रांगेकडे बघत आवाज चढवला. “बाई, ढोल बडवणाऱ्यांनी चेक फाडायचे कशाला? लुगड्याच्या गाठीत बांधून ठेवा पैसे. तिथे कोणी दंड कापत नाही.”

रांग हसली. कॅशियर हसला. गेल्या साली ज्याच्या पोराच्या वरातीत गुलाब बँडने छाती फुटेस्तोवर वाजवलं होतं, तो धान्याचा व्यापारीही तोंडावर रुमाल धरून हसला. कुंदाबाईने चेकची घडी केली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि बाहेर पडली. पांझरा नदीचा पूल ओलांडून ती देवपुरात घरी आली.

तेवढ्यावर भागलं असतं तर कदाचित ती गप्पही बसली असती. पण पुढच्याच आठवड्यात शिरपूरला मोठी सुपारी होती. जुन्याच ट्रम्पेट घेऊन पोरं गेली. त्यातून सूर कमी आणि वारा जास्त निघत होता. वरात चौकात आली आणि नवऱ्या मुलाच्या बापाने हात वर करून बँड थांबवला. “बस करा! माझ्या पोराचं लगीन आहे का मयत?” गावातला दुसरा बँड बोलावून आणला गेला. गुलाब बँडची माणसं लाल गणवेशात रस्त्याच्या कडेला उभी राहून दुसऱ्याचं वाजवणं ऐकत राहिली. ठरल्यातले निम्मे पैसे मिळाले, तेही फेकल्यासारखे.

कुंदाबाईचा दीर मगन क्लॅरनेट वाजवायचा. परतीच्या टेम्पोत तो म्हणाला, “वैनी, व्हायनं ते व्हई गयं. सोडी दे.”

“मी त्याले सोडाव नही,” कुंदाबाई म्हणाली.

“बँक मोठी शे. आपण वाजाडणारा मानसं.”

“बँकसंगे मनं भांडण नही शे. त्या मानूससंगे शे.”

त्या दिवसापासून तिने राग जपला. दुसरं कुणी असतं तर आरडाओरडा करून मोकळं झालं असतं. कुंदाबाईने तो विस्तवासारखा राखेखाली ठेवला आणि रोज फुंकर घातली. भाकरी थापताना ती पोफळेंचा चेहरा आठवायची, आणि भाकरीला जरा जास्तच जोराने थापा पडायच्या.

आधी ती बँकेच्या वरच्या ऑफिसात गेली, जळगावला. एरंडोलपर्यंत एसटीत उभीच होती. जळगावच्या साहेबांनी तिला बाकावर बसवून ठेवलं, जेवून आले, पान खाऊन आले, आणि संध्याकाळी म्हणाले, “पोफळे आमचा चोख माणूस आहे. कापलं असेल तर नियमानेच कापलं असेल.”

“मग तो नियम मला दाखवा.”

“तुम्हाला वाचून काय समजणार?”

कुंदाबाई उठली. रागाच्या खात्यात आणखी एक नाव चढलं.

वाट दाखवली ती लताअक्कांनी. लताअक्का निवृत्त हेडमास्तरीण. रेशनच्या काट्यात मारणारे दुकानदार आणि भेसळीचं घासलेट विकणारे त्यांच्या नावाने चळचळा कापत. त्यांनी कुंदाबाईचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुला पैसे पाहिजेत, की त्याची जिरवायची आहे?”

“त्याची जिरवायची आहे,” कुंदाबाईने खरं सांगितलं.

“तर मग पैशांसाठी भांड. पैसे मिळाले की त्याची जिरते. नुसती जिरवायला गेलीस तर दोन्ही जातं.” अक्कांनी समजावलं, जिल्ह्याला ग्राहकांचा नवा न्यायमंच झालाय, तिथे वकील लावावाच लागतो असं नाही, आपलं आपण बोलता येतं. दंडाचा नियम असला तरी तो खातेदाराला आधी कळवायला पाहिजे. न कळवता कापला तर ती बँकेची चूक. अर्ज अक्कांनी लिहिला, सही कुंदाबाईने केली. सही करताना तिने पेन इतकं दाबलं की कागद फाटायचाच राहिला.

मंचाची नोटीस बँकेत पोचली आणि चार दिवसांनी पोफळे स्वतः देवपुरात आले. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावून, दोन्ही बाजूंना बघत, पेढ्यांचा पुडा हातात घेऊन. कुंदाबाई ओसरीवर ढोलाच्या दोऱ्या ताणत बसली होती. दारात आलेल्या माणसाला पाणी विचारलं नाही, असं तिच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

“बाई, एवढं कोर्टबिर्ट कशाला? बोलण्याच्या भरात बोललो असेन. हे घ्या,” त्यांनी खिशातून पाकीट काढलं. “कापलेले सगळे आहेत. अर्ज तेवढा मागे घ्या.”

“बँकेचे आहेत का तुमच्या खिशातले?”

पोफळे गडबडले. “कुठले का असेनात. पैसे ते पैसे.”

“मग नको. मना पैसा शे तो, भीक नही.” तिने दोरी करकचून ओढली. “साहेब, तुम्ही मला हसलात ते गल्लीत येऊन हसलात का? नाही ना? तिथे हसलात, सगळ्यांच्या देखत. पैसे तिथेच द्यायचे. सगळ्यांच्या देखत.”

“तुम्ही फार ताणताय.”

“न ताणलेला ढोल वाजत नाही.”

पोफळे पुडा तसाच परत घेऊन गेले. मगन आतून बघत होता. “वैनी, मानूस घाबरी गया,” तो म्हणाला. कुंदाबाईला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

सुनावणीला बँकेने वकील दिला होता. तो बराच वेळ नियमांवर बोलला. मग मंचाच्या अध्यक्षांनी पोफळेंनाच उभं केलं आणि साधा प्रश्न विचारला, “दंड कापण्याआधी या बाईंना कळवलं होतं का?”

“बँकेत बोर्डावर लावलं होतं.”

“कधी लावलं होतं?”

पोफळे वकिलाकडे बघू लागले. वकील कागदांत बघू लागला.

“आणि त्या विचारायला आल्या, तेव्हा काय सांगितलं?”

पोफळेंनी चष्मा काढून पुसायला घेतला. अध्यक्षांनी कुंदाबाईकडे पाहिलं. ही वेळ ती कितीतरी दिवस मनात घोळवत होती. खूप काही बोलायचं ठरवलं होतं. पण उभी राहिल्यावर तिने फक्त ते लुगड्याच्या गाठीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, त्यांच्याच चालीत, त्यांच्यासारखाच आवाज चढवून. या वेळी कोणी हसलं नाही. पोफळेंचे कान लाल झालेले तिने डोळे भरून पाहिले.

निकाल तिच्या बाजूने लागला. कापलेली सगळी रक्कम व्याजासकट परत, वर नुकसानभरपाई. शिवाय चेक न वटण्यात खातेदाराचा दोष नव्हता, असं पत्र बँकेने मेरठच्या दुकानदाराला लिहायचं. बँकेने पैसे टपालाने पाठवायची तयारी दाखवली. कुंदाबाईने उलट निरोप धाडला: मी येऊन घेईन, रोख घेईन.

बाजाराचा दिवस तिने निवडला. पोरांना सांगितलं, गणवेशाला इस्त्री करा, पितळ चिंचेने घासा. देवपुरातून बँड निघाला तेव्हा कुणाला कळेना, वरात कुणाची. पुढे नवरा नाही, घोडा नाही. हिरवं नऊवारी नेसलेली कुंदाबाई एकटी, ताठ मानेने. पुलावरून बँड शहरात आला तोवर मागे निम्मा बाजार लागला होता. बँकेच्या दारात पोचल्यावर तिने हात वर केला आणि मगनने क्लॅरनेट असं उचललं, की समोरच्या चहावाल्याने गाळणं हातात तसंच धरून ठेवलं. ट्रम्पेट जुन्याच होत्या. सूर फाटत होते. पण त्या दिवशी ते फाटणंच हवं होतं तिला.

पोफळे बाहेर आले. “बंद करा हे! पोलीस बोलावतो!”

“बोलवा. त्यांच्याही देखत होऊ द्या,” कुंदाबाई म्हणाली. हवालदार आधीच गर्दीत उभा होता. त्याने मुंडी दुसरीकडे वळवली.

आत गेली तेव्हा रांग आपोआप बाजूला झाली. कॅशियर पैसे मोजायला लागला, तशी ती म्हणाली, “तुम्ही नाही. साहेबांनी मोजायचे.”

बाहेर ढोल वाजत होता. पोफळेंनी नोटा हातात घेतल्या. मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. कुंदाबाईने घाई केली नाही. पैसे घेतल्यावर तिने तिथल्या तिथे खातं बंद करायचा अर्ज पुढे केला.

“आणखी काय पाहिजे?” पोफळे दबक्या आवाजात म्हणाले.

“चूक झाली म्हणा. मागच्यांना ऐकू जाईल असं.”

पोफळेंनी काउंटरची कड धरली. “चूक झाली,” ते म्हणाले.

“कुणाची?”

“माझी.”

धान्याचा व्यापारी रांगेत होताच. तो जमिनीकडे बघत होता. कुंदाबाईने त्याच्याकडे एकवार पाहून घेतलं, मग बाहेर आली. बँड परत वाजत निघाला, आणि पोरांना पाचकंदील चौकात तिने पोटभर जिलबी खाऊ घातली.

दोन महिन्यांनी पोफळेंची बदली झाल्याचं कळलं. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा कुंदाबाई मुद्दाम त्यांच्या घराच्या रस्त्याने गेली आणि समोरच्या कडुलिंबाखाली उभी राहिली. तिचं मन अजून निवलं नव्हतं. त्या माणसाला जाताना बघायचं होतं, आणि त्यालाही आपण दिसायला हवं होतं. पोफळेंनी तिला पाहिलं आणि ते घरात निघून गेले.

त्यांच्या बायको मात्र रस्ता ओलांडून आल्या. कुंदाबाईने पदर खोचला. शिव्या येतील, तर तयार होती ती.

“त्या दिवशी मी बाजारात आले होते,” बाई म्हणाल्या. हातात भाजीची रिकामी पिशवी उगाच चुरगळत होत्या. “गर्दीबरोबर बँकेत शिरले, रांगेच्या मागे उभी होते. त्यांच्या तोंडून ‘माझी चूक’ हे शब्द लग्नाला वीस वर्षं झाली, पहिल्यांदा ऐकले.”

कुंदाबाईने खोचलेला पदर सोडला.

“बरं केलंत,” बाई हळूच म्हणाल्या आणि घराकडे बघून चटकन वळल्या.

ट्रकवाला कपाटाची दोरी एकट्याने ओढत होता. कपाट एका बाजूला कलत होतं. आरसा होता त्याला, बाईंचा असावा. कुंदाबाई पुढे झाली आणि दोरीचं दुसरं टोक धरून तिने ती घट्ट ओढून दिली. मग कुणी काही म्हणायच्या आत ती देवपुराच्या रस्त्याला लागली.