नवं नाक

तेलाच्या कारखान्यात एक पद्धत होती. नवं पिंप उघडलं की आतलं तेल चांगलं आहे की त्यात कुठलं भलतंच तेल मिसळलंय, हे सगळ्यात शेवटी कामाला लागलेल्या बाईने हुंगून सांगायचं. तिला सगळ्याजणी 'नवं नाक' म्हणत. निलगिरी, पुदिना, लॅव्हेंडर अशी तेलं दिवसभर छोट्या काळ्या बाटल्यांत भरून जुन्या बायकांची नाकं पार मरून गेली होती. नवी बाई पहिल्या दिवशी डोळे पुसत, शिंकत बसली की त्या हसायच्या. "रडून घे बाई. महिन्याभरात नाक मेलं की सुटलीस." तसं ते मरायचंही. मग पुढची नवी येईपर्यंत पिंपांवरच्या रंगीत पट्ट्या बघून काम भागवायचं.

थोरली तिथे एकोणीस वर्षं होती. तीही एके काळी नवं नाक होती, आणि चांगलं तिखट नाक होती. आता तिला स्वतःचं करपलेलं दूधसुद्धा धूर दिसल्यावर कळायचं.

घरी ती आणि धाकटी बहीण, दोघीच. धाकटीला दमा, अगदी पाळण्यापासूनचा. छातीत सारखी शीळ वाजायची, म्हणून आईने तिचं नाव चिमणी पाडलं ते कायमचं. चिमणी चाळिशी ओलांडून गेली तरी चिमणीच. जिने चढणं तिला झेपत नसे. ती चौथ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत, खिडकीच्या उजेडात बसून शर्टांची काज-बटणं करायची. आई जाताना थोरलीला म्हणाली होती, "हिच्या छातीकडे कान ठेव." थोरलीने तो ठेवला. लग्नाचं वय येऊन गेलं, तरी कान तिथेच.

त्या वर्षी कारखान्याने निलगिरीच्या बाटलीसोबत एक चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. 'श्वास मोकळा होतो. वाटीभर गरम पाण्यात तीन थेंब.' चिठ्ठ्या घड्या घालायचं काम थोरलीकडेच होतं. हजार वेळा वाचल्यावर कुणाचाही विश्वास बसेल. तिने भरताना उरलेलं तेल एका बाटलीत जमवलं आणि घरी आणलं.

पहिल्या दिवशी मोजून तीन थेंब टाकले. वाकून हुंगलं. काहीच नाही.

"हे तर नुसतं पाणी," ती म्हणाली.

"अगं, येतोय की वास. चांगला येतोय," चिमणी म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? एकोणीस वर्षं मी भरतेय." आणि ती थेंब टाकत राहिली, स्वतःच्या नाकाला पुसटसा वास लागेपर्यंत. मग तोच तिचा नियम झाला. वास आला की पुरे. चिठ्ठी लोकांसाठी.

पहिले चार दिवस चिमणीला बरं वाटलं. नाक मोकळं झालं, डोकं हलकं झालं. दोघी खूश. डॉक्टरांना सांगावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. तेल म्हणजे काही औषध नव्हे.

मग संध्याकाळी शीळ वाढायला लागली. थोरलीने थेंब वाढवले. उशीवर टाकले, पडद्यावर टाकले.

"ताई, डोळे झोंबतात गं."

"झोंबतंय म्हणजे लागू पडतंय."

"तुझ्या तेलाने ढेकूण पळाले, झुरळं पळाली. मी तेवढी उरलेय."

"जिभेला दमा नाही तुझ्या," थोरली म्हणायची, आणि चिमणीने उघडलेली खिडकी गार वारा नको म्हणून लावून घ्यायची. डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप पूर्वी दिवसातून दोनदा लागायचा, तो आता सहा वेळा लागत होता. "पंपाची सवय लागलीय तुला," थोरलीने निदान केलं.

एका रविवारी सकाळपासूनच चिमणीचे खांदे वर-खाली होत होते. थोरलीला सर्दी झाली होती. सुट्टी होती, म्हणून तिने सगळं नीट करायचं ठरवलं. मोठं पातेलं उकळलं, खिडकीची कडी घातली, दाराच्या फटीला टॉवेल लावला.

"आज नको ताई. जड वाटतंय."

"म्हणूनच तर."

थेंब टाकले, वास येईना. आणखी टाकले. शेवटी बाटलीच उपडी केली, तरी येईना. चिमणी मान हलवत होती. थोरली दार ओढून घेऊन दुसरं पातेलं तापवायला स्वयंपाकघरात गेली.

ती परत आली तेव्हा चिमणी खिडकीशी उभी होती. कडीवर बोटं होती, पण कडी सरकत नव्हती. पंप जमिनीवर पडला होता, संपलेला. आणि थोरलीला आधी ऐकू आली ती शांतता. शीळ वाजत नव्हती.

खालच्या मजल्यावरच्या बाप-लेकांनी खुर्चीत बसवून तिला चार जिने उतरवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ निळे पडले होते. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी कारखान्यातल्या बायका भेटायला आल्या. आतल्या खोलीत थोरलीभोवती बसल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्यात नवं नाकही होती. वयाने ती थोरलीपेक्षा मोठी, पण कामाला लागून जेमतेम आठवडा झालेली. ती उंबऱ्यातच थांबली. तोंडावर रुमाल धरला, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मावशी, आत या ना," थोरली म्हणाली.

"येते गं. पण इथे काय सांडलंय?"

"काही नाही."

"काही कसं नाही? श्वास घेववत नाही इथे."

बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने जोरात हुंगलं. "आम्हाला तर काही येत नाही बाई."

"तुम्हाला कसा येईल?" नवं नाक सहज बोलून गेली.

थोरलीने चिमणीची उशी उचलून नाकाशी धरली. खूप वेळ धरली.

"किती येतोय मावशी?" तिने विचारलं. "खरं सांगा."

त्या बाईला आता कळलं आपण काय बोललो ते. पण खोटं बोलणं तिच्या अंगात नव्हतं. "पिंपात डोकं घातल्यासारखा," ती म्हणाली.

थोरलीने खिडकी उघडली ती पुन्हा लावली नाही. पडदे धुतले, चादरी धुतल्या, उशी उसवून कापूस उन्हात घातला, भिंती गरम पाण्याने पुसल्या. दर रविवारी ती नव्या नाकाला घरी बोलवायची आणि आतल्या खोलीच्या दाराशी उभी करायची.

"येतोय?"

"येतोय."

पुढच्या रविवारी पुन्हा. "येतोय. थोडा कमी."

अर्धवट राहिलेला शर्ट अजून खिडकीशी होता, सहा काजं झालेला, सातव्यात सुई. तोही तिने सुई काढून धुतला.

पाचव्या रविवारी नवं नाक दाराशी थांबलीच नाही. सरळ आत येऊन चिमणीच्या जागी बसली. "नाही येत आता. गेला बघ सगळा," ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

थोरली तिच्याकडे बघत राहिली. डोळे कोरडे होते, स्वच्छ कोरडे.

"मावशी, काल निलगिरीचं नवं पिंप आलं, ते कुणी हुंगलं?"

मावशीने मान खाली घातली. "मीच. पण मला काही कळेना. शेवटी पट्टी बघून भरायला घेतलं."

थोरली उठली, स्वयंपाकघरात गेली आणि भिंती पुसायला पुन्हा पाणी तापत ठेवलं.