वाटणीतला स्पीकर

लातूर जिल्हा झाला त्याच साली आमची वाटणी झाली. गावात लोक पेढे वाटून राहिले होते, आणि मी अन् माझा धाकटा भाऊ बसवराज ओसरीत भांडी मांडून बसलो होतो. घर त्याला, लातूरचं दुकान मला, रान अर्धं-अर्धं. शेवटी राहिला आमच्या अप्पाचा, म्हणजे वडलांचा, रेडिओ. अप्पानं हैदराबादहून आणलेला, लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा. पंच म्हणले, चिठ्ठी टाका. मी म्हणलो, चिठ्ठी कशाला? उघडा पेटी. मशीन मला, स्पीकर त्याला!

पंच हसले. बसवराजनं, आमच्या बसूनं, स्पीकर उचलून काखेत धरला. मी मनातल्या मनात खूश. मी रेडिओ मेकॅनिक माणूस. मला ठाऊक, मशीन म्हणजे जीव अन् स्पीकर म्हणजे निव्वळ कागद. कागद काय, बाजारात कुठंबी मिळतो. आता बस म्हणलं लेका मुका स्पीकर मांडीवर घेऊन. अशी माझी अक्कल! आणि दुकानाच्या पाटीवर लिहिलंय, संगप्पा, रेडिओ तज्ज्ञ.

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. त्यानं सणाला धाडलेलं पुरण मी परत धाडलं. त्याच्या लेकीच्या बारशाला गेलो न्हाई. का म्हणून विचारू नका. राग एकदा धरला की तो धरून ठेवायला कारण लागत न्हाई.

अव्वा, म्हणजे आमची आई पार्वतम्मा, माझ्याकडं राहिली. तिचे दोन्ही डोळे गेलेले. माहेर भालकीकडलं, बोली कन्नड. सकाळी गुलबर्गा रेडिओवर शिवशरणांची कन्नड वचनं लागायची, तेवढी ऐकायला ती उठून बसायची, हात जोडायची, मग चहा घ्यायची. वाटणी झाली अन् ते बंद पडलं. मी दुसरा स्पीकर लावून दिला तर म्हणली, ‘‘संगू, ह्यात माणूस बोलत न्हाई, डबा बोलतोय.’’ आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. यंदाच्या दुष्काळात तर तिनं अंथरूणच धरलं. दोन घास खायची. डॉक्टर म्हणला, वय झालंय, तिला आवडंल ते करा. तिला आवडायचं एकच, आणि ते माझ्याच्यानं होईना.

आता तुम्ही म्हणाल, स्पीकरात काय एवढं? तेच तर मीबी तीन वर्षांमागं म्हणत होतो! ऐका मग. अप्पाच्या मशीनची ताकद फार तर तीन वॅट. तीन वॅट म्हणजे मूठभर पीठ. एवढ्यात आवाज उठवायचा तर कागद हलका पाहिजे, मागं चुंबक दणकट पाहिजे, आणि बारीक सूर, जाडा सूर, सगळा एकाच कागदातनं निघाला पाहिजे. आमच्या धंद्यात त्याला फुल रेंज म्हणतात. तसला स्पीकर मी शोधून राहिलो होतो, आणि गाव मला शहाणपण शिकवून राहिलं होतं.

आधी लावला जीपमधला अंड्यासारखा लांबट स्पीकर. नुसता नाकात बोलायचा. मग मांडववाल्याकडनं बारा इंची आणला. त्याचा कागद एवढा जड, की तीन वॅटला तो हलायलाच तयार न्हाई. अन् हलला तर नुसता घुमायचा, शब्द एक कळायचा न्हाई. अव्वानं हातानंच खूण केली, बंद कर.

त्याच सुमाराला, चैत्रात, बसू दुकानात आला. धुळीनं पांढरा झालेला, ओठ फुटलेले. पायरीवर उभा राहून म्हणला, ‘‘अण्णा, एक काम होतं. तुझ्याकडं जुनं पडलेलं...’’

‘‘तुझं जुनं काय बी पडलं न्हाई इथं,’’ मी म्हणलो. ‘‘मशीन मागायला आलास व्हय? उतर पायरी!’’

तो वाकून माझ्या बाकाखाली बघायला लागला. तिथं पंधरा-वीस मेलेले स्पीकर पडलेले, कागद फाटलेले, कुणाचे उंदरानं खाल्लेले. मला वाटलं, अप्पाचं मशीन कुठं ठेवलंय ते हेरतोय. मी हातातला पेचकस टेबलावर आपटला. गिऱ्हाइकं बघून राहिली होती. बसू आला तसा गेला. माझी बायको जगदेवी आतनं म्हणली, ‘‘अवो, तांब्याभर पाणी तरी विचारायचं.’’ मी म्हणलो, पाणी काय फुकट येतंय? आठ दिवसांनी टँकर येतो.

मग गेलो व्यंकटच्या शोरूमात. जिल्हा झाला अन् साहेब लोक आले, त्यांच्यासाठी त्यानं काचेचं दुकान टाकलेलं. कमरेएवढी पेटी, तिच्यात तीन स्पीकर: जाड्याला एक, मधल्याला एक, बारक्याला एक.

‘‘संगप्पा, हे लाव अन् विसर,’’ तो म्हणला.

मी मशीन पिशवीतनं काढून तिथंच जोडलं. पेटी कुजबुजली. व्यंकटनं कान लावला, बटण पार शेवटाला नेलं, तरी कुजबुजच.

‘‘तुझं मशीन मेलेलं हाय,’’ तो म्हणला.

‘‘मशीन मेलं न्हाई, तुझी पेटी खादाड हाय! तीन तोंडं, अन् मधी वाटण्या करायला तारांचं जंजाळ. आवाज बाहेर यायच्या आधीच संपतोय.’’

‘‘मग पन्नास वॅटचं मशीन घे.’’

‘‘मला वरात काढायची न्हाई, म्हातारीला वचन ऐकवायचंय!’’

दुकानातले साहेब हसले. मी मशीन उचललं अन् शिव्या देत बाहेर पडलो.

शेवटी हैदराबादहून एक आठ इंची मागवला. मोठ्या कागदाच्या मधी बारका दुसरा कागद, बारीक सुरासाठी. चांगला होता, खोटं कशाला बोलू? त्याला लाकडी पेटीत बसवला, सकाळी गुलबर्गा लावलं. अव्वा अख्खं वचन ऐकत पडली.  संपल्यावर म्हणली, ‘‘जवळ आला रे. पण अजून दारातच उभाय.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘बसूकडं हाय की आपला. जा, घेऊन ये. माझ्यासाठी जा.’’

अंगाचा तिळपापड झाला. पण ती दोन दिवस जेवली न्हाई, तेव्हा गेलो.

शिरूर अनंतपाळला, आमच्या गावी, एसटीतनं उतरलो. ऊन असं की डांबर चिकटत होतं चपलेला. गल्लीच्या तोंडाला हातपंप, त्याला घागरींची ही लांब ओळ. पंप चालू होता, बाया दमानं हापसत होत्या. बसूच्या दारात गेलो तर त्याच्या बायकोनं आधी तांब्या पुढं केला. मी पाण्याला शिवलो न्हाई. उभ्या उभ्याच म्हणलो, ‘‘स्पीकर दे. अव्वाला पाहिजे. काय घ्यायचं ते घे.’’

बसू माळ्यावर चढला. अप्पाच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला स्पीकर खाली आणला, माझ्या हातात दिला. कागद तसाच, साधा डाग न्हाई. पण हातात घेतला अन् मला कळलं. हलका लागला. उलटा केला. पाठ फोडलेली, चुंबकाची जागा रिकामी.

मी त्याची गचांडी धरली. ‘‘हरामखोरा! अप्पाची वस्तू फोडलीस? मला मिळू नये म्हणून?’’

बायका घागरी सोडून बघायला लागल्या. बसूनं माझा हात काढला न्हाई. म्हणला, ‘‘पंप दुरुस्त करताना बोअरमधी पाना पडला. चार बोटाचं भोक, त्यात गळ जाईना. अख्ख्या गल्लीला एवढाच पंप, टँकरचा पत्ता न्हाई. पाच दिवस लेकरं डबक्यातलं पाणी प्याली. मिस्त्री म्हणला, दणकट चुंबक दोरीला बांधून सोडा, येईल पाना. आला.’’

‘‘मग माझ्याकडं यायचं! माझ्या बाकाखाली वीस चुंबकं पडलीत, मेलेल्या स्पीकरांची. एक का, दहा दिली असती!’’

‘‘आलतो की, अण्णा,’’ बसू म्हणला. ‘‘चैत्रात.’’

माझा हात त्याच्या गळ्यावर तसाच राहिला. मग खाली आला.

त्याच्या बायकोनं घरातनं चुंबक आणून दिलं. अजून दोरी बांधलेली. मी खिशातला खिळा त्याला लावला. खिळा लागला अन् गळून पडला. असलं चुंबक त्याच्या लोखंडातनं एकदा बाहेर काढलं की त्याचा जोर जातो, परत बसवलं तरी येत न्हाई. हे गावात कुणाला ठाऊक असायचं कारण न्हाई. मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी त्याला बोलू दिलं असतं, तर मीच सांगितलं असतं.

मी तांब्या उचलला अन् पाणी प्यालो. बसू एसटीपर्यंत आला. गाडी सुटेस्तोवर स्पीकर त्यानंच धरला होता, मग खिडकीतनं माझ्या हातात दिला.

घरी आलो तर अव्वा उशीला टेकून बसलेली. म्हणली, ‘‘आणलास?’’ मी स्पीकर तिच्या मांडीवर ठेवला. तिनं कागदावरनं बोटं फिरवली, कडेनं फिरवली, हसली. मग बोटं मागं गेली. रिकाम्या जागेत घुटमळली.

तीन वर्षं मी तिच्या कानात बसूचं वाईटच भरलं होतं. तो देत न्हाई, तो येत न्हाई, त्याला तुझं काय बी न्हाई. तिचा चेहरा उतरला. हळूच म्हणली, ‘‘आईनं मागितलं तरी बसूनं दिलं न्हाई व्हय रे?’’

जगदेवी दारात उभी होती. व्हय म्हणलो असतो, तर कुणाला कळलं नसतं.

‘‘त्यानं दिलं, अव्वा,’’ मी म्हणलो. ‘‘आधी तो माझ्याकडं चुंबक मागायला आलता. मीच दिलं न्हाई.’’